बंद करण्यासाठी जोडायची वायर

१८३० साली इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायर परगण्यात, स्ट्राउड गावाजवळ राहणाऱ्या एडविन बडिंगने गवत कापण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं. लोकरी कापडावरची लव छाटणारं फिरतं पातं त्याने गिरणीत पाहिलं होतं. तेच हिरवळीवरून ढकलत न्यावं, एवढीच त्याची कल्पना. पुढच्याच वर्षी, १८३१च्या ऑक्टोबरात, लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरेडेने तारेच्या गुंडाळीत लोहचुंबक खुपसला आणि गॅल्व्हानोमीटरची सुई हलली. चुंबक नुसता ठेवून दिला तर सुई जागची हलत नव्हती, तो आत-बाहेर सरकला तरच हलत होती. या दोन माणसांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. पण आज अमेरिकेतल्या एखाद्या घरामागच्या शेडमधल्या लॉन ट्रॅक्टरकडे वाकून पाहिलं, तर पोटाखाली बडिंगच्या पात्याचा वंशज आणि बॉनेटखाली फॅरेडेचा चुंबक, असे दोघेही एकाच यंत्रात फिरताना दिसतात.

हा ट्रॅक्टर म्हणजे शेतातला नव्हे. चार चाकं, एक सीट, खाली पट्ट्यावर फिरणारी दोन-तीन पाती आणि काम एकच, गवत कापणं. आपल्याकडे एकर म्हणजे चाळीस गुंठे; त्यात निदान ज्वारी तरी होते. तिकडे घरामागे तेवढ्याच जागेत नुसतं गवत वाढवतात आणि उन्हाळाभर दर आठवड्याला ते कापतात. क्रिस्टिना मिलेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली अमेरिकेतल्या हिरवळीचा अंदाज बांधला. घरांभोवतीची, बागांमधली, गोल्फच्या मैदानांवरची अशी सगळी मिळून ती सुमारे १ लाख ६४ हजार चौरस किलोमीटर भरली. महाराष्ट्राच्या निम्म्याहून जास्त! न्यू जर्सीत किंवा टेक्ससमध्ये घर घेतलेल्या मराठी माणसालाही या गवतातून सुटका नाही. ते वाढलं की शेजारी बघायला लागतात. अंगण मोठं असेल तर ढकलायचं यंत्र पुरत नाही, बसून चालवायचं लागतं, आणि त्यातल्या मोठ्यांना दोन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन असतं. ही इंजिनं बनवणाऱ्यांत दोन नावं जुनी. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन ही १९०८ साली मिलवॉकीत सुरू झालेली, आणि कोहलर त्याच विस्कॉन्सिन राज्यातली.

मग एखाद्या शनिवारी ते इंजिन नुसतंच गरगरतं, पेट घेत नाही. किंवा पेट घेतं, पण मिसिंग मारत, धापा टाकत चालतं आणि पाती जोडली की मान टाकतं. किंवा अर्धा तास झकास चालून अंगणाच्या मध्यावर गप्प बसतं. मालक प्लग काढतो, ठिणगी दिसत नाही, आणि तो कॉइल मागवतो. नवी कॉइल बसवूनही पुष्कळदा काही होत नाही, कारण जुनीत काही बिघडलेलंच नसतं. ठिणगी तयार न होणं आणि ठिणगी होऊ न देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या इंजिनात दुसरीची शक्यता पहिलीपेक्षा जास्त असते. ते का, हे समजायला ती वीज जन्मते कशी ते पाहायला हवं. तो प्रकार खरोखर थक्क करणारा आहे.

गाडीत ठिणगीसाठी लागणारी वीज बॅटरीतून येते. लॉन ट्रॅक्टरलाही बॅटरी असते, पण ती स्टार्टर फिरवायला आणि दिवे लावायला. बहुतेक लॉन ट्रॅक्टरमध्ये ठिणगीशी तिचा संबंध नाही. ठिणगी मॅग्नेटो बनवतो. इंजिनाच्या माथ्यावर फिरणाऱ्या जड फ्लायव्हीलच्या कडेत एक चुंबक बसवलेला असतो. फ्लायव्हीलच्या अगदी लगत, पाव ते एक तृतीयांश मिलिमीटरची फट ठेवून, पातळ लोखंडी पत्र्यांच्या थराभोवती गुंडाळलेली कॉइल घट्ट बसवलेली असते. चुंबक तिच्यासमोरून सर्रकन निघून जातो. तो एक ध्रुव दाखवतो, लगेच दुसरा, आणि त्या अदलाबदलीत पत्र्यांमधलं चुंबकीय क्षेत्र एका बाजूकडून उलट्या बाजूला फिरतं. फॅरेडेने हाताने जे केलं ते इथे दर फेऱ्याला एकदा होतं. इंजिन मिनिटाला ३,६०० फेरे घेत असेल तर सेकंदाला साठदा.

पण नुसत्या चुंबकाच्या धावण्याने मिळणारी वीज तोकडी असते. प्लगच्या फटीतली हवा फोडायला हजारो व्होल्ट लागतात. ते कुठून आणायचे? युक्ती अशी, की कॉइलमध्ये दोन गुंडाळ्या असतात. आतली जाड तारेची, मोजक्या वेढ्यांची. बाहेरची केसासारख्या बारीक तारेची, तिच्या कित्येक पट वेढ्यांची. जाड गुंडाळीची दोन्ही टोकं जोडून ठेवलेली असतात, त्यामुळे चुंबक जाताना तिच्यात जोरात प्रवाह फिरतो. तो ऐन भरात आला की एक ट्रान्झिस्टर त्याची वाट एका फटक्यात तोडतो. पूर्ण सोडलेला नळ झटकन बंद केला की पाइप धडधडतो, तसं इथे होतं. वाहता प्रवाह अडला की गुंडाळीत अचानक व्होल्टेज उसळतं, आणि बारीक गुंडाळीत ते वेढ्यांच्या प्रमाणात वाढून दहा हजार व्होल्टच्याही वर जातं. ठिणगी प्रवाह सुरू झाल्याने पडत नाही, तो तोडल्याने पडते. हे एवढं लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

पूर्वी ही तोडातोड पॉइंट करायचे. चेतक, प्रिया, लुना यांवर ज्यांची तरुणाई गेली त्यांना पॉइंट घासायचा पॉलिश पेपर आणि खराब झालेला कंडेन्सर आठवत असेल. त्यांच्यातही फ्लायव्हीलचा मॅग्नेटोच होता. ब्रिग्जने १९८२ साली पॉइंटच्या जागी ‘मॅग्नेट्रॉन’ नावाची इलेक्ट्रॉनिक व्यवस्था आणली. झिजणारा भाग गेला, आणि दर हंगामात पॉइंट साफ करणं संपलं. ट्रान्झिस्टरला चालवणारी वीजही त्याच चुंबकातून येते, वेगळी बॅटरी नाही, वेगळा काही आधार नाही.

मॅग्नेटोचा इतिहासही आपल्या डोळ्यांसमोर रोज असतो, पण आपण तो पाहत नाही. रॉबर्ट बॉशच्या स्टुटगार्टच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड नावाच्या अभियंत्याने १९०२ साली उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला जुळणारा स्पार्क प्लग तयार केला, आणि मोटारगाडीच्या वेगवान इंजिनांना भरवशाची ठिणगी मिळाली. पुढे १९१८ साली याच होनोल्डने कंपनीचं बोधचिन्ह काढलं. वर्तुळात बसवलेला, इंग्रजी एचसारखा दिसणारा तो आकार म्हणजे मॅग्नेटोच्या आत फिरणाऱ्या आर्मेचरचा छेद. नाशिककरांनी तो बॉशच्या सातपूरच्या कारखान्यावर वर्षानुवर्षं पाहिला आहे. गंमत म्हणजे सातपूरच्या कारखान्याची ख्याती डिझेल इंजिनांच्या इंजेक्टरसाठी, आणि डिझेल इंजिनाला ठिणगी लागतच नाही.

आता मुख्य मुद्दा. असं इंजिन बंद कसं करायचं? घरातला दिवा बंद करताना आपण वाट तोडतो. इथे तोडायला काही नाही, कारण वीज बाहेरून येतच नाही. फ्लायव्हील फिरतंय तोवर कॉइल ठिणगी बनवत राहणार. म्हणून उलटं करतात. जाड गुंडाळीपासून एक बारीक वायर किल्लीच्या स्विचपर्यंत आणलेली असते. किल्ली ‘बंद’वर फिरवली की ती वायर इंजिनाच्या बॉडीला, म्हणजे अर्थला, जोडली जाते. मग ट्रान्झिस्टर कितीही तोडो, प्रवाहाला दुसरीकडून सरळ वाट असते. तो फिरतच राहतो, अडत नाही, उसळत नाही, आणि ठिणगी पडत नाही.

याचा परिणाम मजेशीर होतो. ही वायर तुटली तर इंजिन चालतं; इतकं चालतं की किल्लीनेही थांबत नाही. आणि ही वायर कुठे घासून उघडी पडली, चेसिसला टेकली, तर इंजिन मेल्यासारखं पडतं, जरी कॉइल ठणठणीत असली तरी. छोट्या विमानांच्या इंजिनांना आजही मॅग्नेटोच असतात, प्रत्येकी दोन, आणि उड्डाणाआधी वैमानिक एकेक मॅग्नेटो आळीपाळीने बंद करून इंजिनाचा वेग किती उतरतो ते पाहतो. त्याची खरी भीती वायर तुटण्याची असते. वायर तुटली असेल, तर जमिनीवर कुणी पंखा हाताने हलवला तरी इंजिन पेट घेऊ शकतं.

लॉन ट्रॅक्टरवर या वायरला फाटे बरेच. सीटखाली एक स्विच, ब्रेकच्या पेडलवर एक, पाती जोडायच्या खटक्यावर एक. पाती फिरत असताना माणूस सीटवरून उठला की मॅग्नेटो अर्थला जोडला जातो आणि इंजिन थांबतं. बोटं, पायाची टाच, लहान मुलं यांच्यासाठी ही काळजी हवीच. चालत ढकलायच्या यंत्रांसाठी अमेरिकेत १९८२पासून कायदाच आहे, हँडल सोडल्यावर पातं तीन सेकंदांत थांबलं पाहिजे. पण तपासणाऱ्याच्या दृष्टीने पाहिलं तर ठिणगी बनवणारी वस्तू एक किंवा दोन, आणि ठिणगी मारणाऱ्या जागा सहा-सात. पावसात भिजलेला सीटचा स्विच, गंजलेलं कनेक्टर, किल्लीच्या स्विचमागचा सैल खटका. शिवाय उंदीर. हिवाळ्यात शेडमध्ये उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या फ्लायव्हीलवरच्या झाकणाखाली ते हमखास घरटं करतात. वायरचं आवरण कुरतडतात ते वेगळंच, आणि गवताच्या काड्यांनी हवेची वाट बुजवून कॉइल तापवतात तेही.

म्हणून पहिली चाचणी फुकटची आहे. कॉइलजवळची ती बारीक वायर काढायची आणि इंजिन फिरवून ठिणगी पाहायची. आली, तर कॉइल निर्दोष; दोष वायरमध्ये किंवा स्विचांमध्ये. नाही आली, तर कॉइल आणि चुंबक यांच्याकडे वळायचं. एका खटक्यात अर्धा ट्रॅक्टर संशयातून मोकळा होतो. मला या चाचणीचं फार कौतुक वाटतं.

ठिणगी पाहायची कशी, इथे मात्र आपली जुनी सवय दगा देते. प्लग काढायचा, टोपीत खुपसायचा, हेडला टेकवायचा, किक मारायची. चट्‌चट्‌ दिसलं की ‘करंट आहे’ म्हणायचं. रस्त्याकडेला हे आपण सगळ्यांनी केलं आहे. पण फ्रीडरिश पाशेन या जर्मन शास्त्रज्ञाने १८८९ साली दाखवून दिलं, की वायूतून ठिणगी पाडायला लागणारं व्होल्टेज फटीच्या रुंदीवर अवलंबून असतं तसंच दाबावरही. मोकळ्या हवेत पाऊण मिलिमीटरची फट तीनचार हजार व्होल्ट सहज ओलांडतात. सिलिंडरमध्ये पिस्टनने दाबून दाट केलेलं मिश्रण त्याच फटीला कित्येक पट भारी पडतं. अशक्त कॉइल बाहेर ठिणगी टाकते आणि आत गेल्यावर हार मानते. यावर उपाय साधा : फट रुंद करायची. ब्रिग्जच्या ठिणगी तपासायच्या उपकरणात सुमारे ४.२ मिलिमीटरची फट असते. मोकळ्या हवेत ती ओलांडायला बारा हजारांच्या आसपास व्होल्ट लागतात, म्हणजे जी परीक्षा आत व्हायची ती बाहेर घेतली जाते. ठिणगीचा रंग निळा की पिवळा यावर गॅरेजमध्ये बऱ्याच गप्पा होतात. माझ्या मते ती रुंद फट ओलांडते की नाही एवढंच पाहावं. आणि ते उपकरण प्लगच्या उघड्या भोकापासून लांब ठेवावं. त्या भोकातून पेट्रोलची वाफ फुसफुसत बाहेर येत असते आणि पेट्रोलची वाफ पेटायला एक मिलिज्यूलचाही काही अंश पुरतो. कॉइलच्या ठिणगीत त्याच्या कितीतरी पट असतं.

आणखी एक चकवा. बॅटरीचा ठिणगीशी संबंध नाही म्हटलं, तरी अशक्त बॅटरी ठिणगी मारते. चुंबक हळू गेला तर ट्रान्झिस्टर जागा होण्याइतकी वीजच तयार होत नाही. मिनिटाला काहीशे फेरे हवेत. प्लग काढल्यावर इंजिन हलकं होतं, स्टार्टर त्याला जोरात फिरवतो आणि ठिणगी येते. प्लग परत लावले की कॉम्प्रेशनपुढे बॅटरी थकते, ठिणगी गायब. अशा वेळी कॉइल बदलणाऱ्याची मला खरंच दया येते.

दोन सिलिंडर आले की गोष्ट रंगते. ब्रिग्जच्या जुन्या इंजिनांमध्ये दोन सिलिंडर समोरासमोर आडवे झोपलेले असतात. दोन्ही पिस्टन एकाच वेळी बाहेर जातात, एकाच वेळी आत येतात. एक मिश्रण दाबत असतो तेव्हा दुसरा धूर बाहेर ढकलत असतो. पुढच्या फेरीला भूमिका उलट. म्हणून या इंजिनाला एकच कॉइल पुरते, दोन शेपट्यांची. बारीक गुंडाळीचं एक टोक एका प्लगला, दुसरं दुसऱ्याला. वीज एका प्लगच्या मधल्या टोकातून उडी मारून बॉडीत उतरते, बॉडीतून दुसऱ्या प्लगकडे जाते आणि तिथे उलट दिशेने, कडेच्या टोकाकडून मधल्या टोकाकडे, उडी मारून परत कॉइलमध्ये शिरते. एक ठिणगी कामाची, दुसरी वाया. वाया जाणारीचा खर्चही फार नाही, कारण धूर बाहेर जाणाऱ्या सिलिंडरमध्ये दाब कमी, आणि पाशेनच्या नियमाने तिथे थोडक्यात भागतं. बहुतेक व्होल्टेज जिथे गरज आहे तिथेच खर्च होतं. हे कुणी ठरवून वाटलेलं नाही, ते आपोआप होतं. तपासणाऱ्यासाठी यातून निघणारी अट अशी, की एक वायर हवेत लोंबत ठेवून दुसरी तपासायची नाही. परतीची वाट तुटली की दुसऱ्या बाजूची ठिणगीही लंगडते आणि चांगल्या कॉइलवर आळ येतो.

नव्या इंजिनांमध्ये सिलिंडर व्ही आकारात, एकमेकांशी ९० अंशांत असतात. कॉइल दोन, प्रत्येक सिलिंडरला आपापली. फ्लायव्हीलवरचा चुंबक एकच. तो दोघींना आळीपाळीने भेटतो. क्रँकवर दोन्ही पिस्टनांचा दांडा एकाच खुंटीवर असल्यामुळे स्फोटांमधलं अंतर सारखं नसतं, एकदा २७० अंश, एकदा ४५०. या इंजिनाचा आवाज थोडा लंगडत चालल्यासारखा येतो तो यामुळे, बिघाडामुळे नव्हे. इथे मात्र एक सुंदर तर्क चालतो. दोन्हींकडे ठिणगी नसेल तर दोन कॉइल एकाच दिवशी मेल्या असं मानू नये. दोघींना समान असलेल्या गोष्टी दोन : चुंबक आणि बंद करणारी वायर. चुंबक सहसा मरत नाही. राहिली वायर.

एकाच बाजूला ठिणगी नसेल तर संशय कॉइलवर, प्लगवर, आणि अनेक इंजिनांमध्ये तिसऱ्या एका वस्तूवर, जिचं नावही बऱ्याच मालकांना माहीत नसतं. दोन कॉइलच्या वायरी शेवटी एकत्र येऊन किल्लीकडे जातात. नुसत्याच जोडल्या तर एका कॉइलची उसळी वायरीतून दुसरीच्या ट्रान्झिस्टरमध्ये घुसेल. म्हणून प्रत्येक वायरीत एक डायोड असतो, वीज एकाच दिशेने जाऊ देणारा. दोघींना अर्थकडे जाता येतं, एकमेकींकडे नाही. यातला एक डायोड मध्येच तुटला तर किल्ली बंद केल्यावर इंजिन एका सिलिंडरवर फडफडत राहतं. डायोड आरपार जळून दोन्ही दिशांनी वीज सोडू लागला तर दोन कॉइल एकमेकींच्या पायात पाय घालतात आणि इंजिन मिसिंग मारतं. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही वेळा कॉइलच गेल्यासारखी वाटते, आणि खरा दोषी वायरीच्या काळ्या नळीत लपलेला, ज्वारीच्या दाण्याएवढा असतो.

दोन सिलिंडरच्या इंजिनाची आणखी एक खोड म्हणजे ते एका सिलिंडरवर बरंच निभावून नेतं. सुरू होतं, फिरतं, ट्रॅक्टर पुढेही नेतं. दम लागतो तो पाती जोडल्यावर. तोवर मेलेल्या सिलिंडरमधून न जळलेलं पेट्रोल भिंतीवरचं तेल धुऊन खाली उतरत असतं. म्हणून कोणता सिलिंडर गार आहे ते लवकर शोधावं. सुरू केल्यावर थोड्या वेळाने दोन्ही सायलेन्सरच्या नळ्यांवर पाण्याचे थेंब टाका. एकीवर चर्र होईल, दुसरीवर थेंब तसाच बसेल. पण गार नळी म्हणजे ठिणगी नाही असं नव्हे. हेड गॅस्केट गेलं असेल, पुशरॉड वाकला असेल. आधी दोन्ही प्लग एकमेकांच्या जागी लावून पाहावे, आणि कॉइल एकसारख्या असतील तर त्याही. दोष जागा बदलून गेला तर वस्तू सापडली. तिथेच राहिला तर ठिणगी सोडून कॉम्प्रेशन मोजावं.

मल्टिमीटरने कॉइल तपासण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो. बारीक गुंडाळी तुटली आहे का, एवढं तो सांगतो. पण त्याच्या स्वतःच्या बॅटरीचे दोनचार व्होल्ट कुठे आणि कॉइलचे दहा हजार कुठे? आवरणातली केसाएवढी भेग त्याला दिसत नाही आणि ट्रान्झिस्टरबद्दल तो काहीच बोलत नाही. अर्ध्या तासाने बंद पडणाऱ्या कॉइलच्या बाबतीत तर तो हमखास चुकतो. अशी कॉइल गार असताना पास होते. तापली की तांबं आणि भोवतालचं राळेचं आवरण वेगवेगळं फुगतं, भेग उघडते, वीज आतल्या आत पळते. गार झाली की भेग मिटते. तिला पकडायचं तर ठिणगी तपासायचं उपकरण प्लगच्या वायरीत जोडून ट्रॅक्टर चालवावा आणि इंजिन मरतानाच त्या उपकरणाकडे पाहावं. इंजिन मरायच्या आधी ठिणगी गेली की नंतर, एवढा एकच प्रश्न असतो.

नंतर गेली असेल तर दोष पेट्रोलच्या बाजूला. आणि तिथेही हुबेहूब हीच लक्षणं देणारा एक सोंगाड्या आहे, पेट्रोल टाकीच्या झाकणातलं हवेचं बारीक छिद्र. ते बुजलं की पेट्रोल उतरेल तसा टाकीत निर्वात वाढतो, अर्ध्या तासाने पेट्रोल यायचं थांबतं, थोडा वेळ थांबलं की हवा झिरपून पुन्हा सुरू. झाकण सैल करून पाहायला काही लागत नाही. तसाच दुसरा, कार्ब्युरेटरखालचा सोलेनॉइड. त्याला बॅटरीची वीज मिळेनाशी झाली की तो पेट्रोल तोडतो, आणि माणूस तासभर प्लग तपासत बसतो.

कॉइल खरंच बदलायची वेळ आली तर फट लावायला चुंबकच मदत करतो. चुंबक कॉइलसमोर आणायचा, मध्ये फिलर गेज किंवा जाडसर व्हिजिटिंग कार्ड सरकवायचं, स्क्रू सैल करायचे. चुंबक कॉइलला स्वतःच ओढून कार्डावर घट्ट बसवतो. स्क्रू आवळायचे, कार्ड काढायचं. त्याआधी पत्र्यांच्या टोकांवरचा आणि चुंबकावरचा गंज पॉलिश पेपरने साफ करावा. नवी कॉइल उलटी बसवली तर ठिणगी येत नाही किंवा अवेळी येते. हेही करून ठिणगी रुंद फट ओलांडते आणि इंजिन मात्र उलटा झटका देतं, तर फ्लायव्हील काढून, त्याला दांड्यावर जागच्या जागी धरणारी चावी पाहावी. ब्रिग्जच्या इंजिनांत ती मुद्दाम मऊ धातूची असते. फ्लायव्हीलचं नट सैल राहिलं तर ती थोडी कातरली जाते, चुंबक काही अंश सरकतो, आणि ठिणगी असूनही वेळ चुकलेली असते.

तपासताना दोन गोष्टी पाळा. कॉइलच्या त्या बारीक वायरीला बॅटरीचे बारा व्होल्ट कधीही लावू नका. ट्रान्झिस्टर क्षणात जळतो, आणि मग खरोखरच नवी कॉइल आणावी लागते. आणि तपासणी झाली की काढलेली वायर आठवणीने पुन्हा जोडा. ती सुटी असताना इंजिन कदाचित पूर्वीपेक्षाही चांगलं चालेल, पण किल्ली फिरवून ते थांबणार नाही, आणि सीटवरून उतरल्यावर पातीही फिरत राहतील.